सोमवार न बघितलेलं यंत्र

आमच्या घरात मटण रविवारी होतं आणि सुट्टी सोमवारी असते. बाहेरगावच्या माणसाला ह्यातलं दुःख कळायचं नाही. कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फौंड्रीला आठवड्याची सुट्टी सोमवारी. रविवारी सगळं जग लोळत पडलेलं असतं तेव्हा आम्ही भट्टीच्या धगीत घाम गाळत असतो, आणि सोमवारी निवांत बसून चार घास खावेत म्हटलं तर आमच्या मालकांचा उपवास. मालक म्हणजे माझा नवरा, शहराच्या बसवर ड्रायव्हर. लग्नाच्या आधीपासून त्यांनी सोमवार धरलाय. त्या दिवशी घरात मांसमच्छी तर सोडाच, अंड्याचं टरफल दिसलं तरी त्यांचं तोंड उतरतं. म्हणून आमचं मटण रविवारी भल्या सकाळी शिजतं आणि डब्यातनं कारखान्यात जातं. मी सांगणार आहे ती गोष्ट ह्या सोमवारचीच आहे, म्हणून हे आधी सांगून टाकलं.

मी फौंड्रीत कोअर शॉपला आहे. लोखंडाचं कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला भाग, आतनं पोकळ निघायचं असेल तर साच्याच्या पोटात वाळूचा घट्ट ठोकळा बसवावा लागतो, त्याला कोअर म्हणतात. लोखंड त्याच्या भोवतीनं गोठतं, मग आतली वाळू झाडून काढायची. हे कोअर आम्ही बायका करतो. माझा आवाज मोठा आणि राग नाकाच्या शेंड्यावर, शिरोलीत कुणालाही विचारा. माझ्या शेजारच्या बाकावर भाभी असते. ती आमच्याच गल्लीतली, घर आमच्या घराला लागून, आणि रोज माझ्या गाडीवर मागं बसून कामाला येते. तिचा आवाज माझ्यापेक्षा मोठा आहे, त्यामुळं आमचं जमतं.

आमच्या कारखान्यात एक टेबल आहे. पाळी सुरू व्हायच्या आधी, आदल्या दिवशी बाद झालेली कास्टिंग त्याच्यावर मांडतात. जिथं भोक पडलंय, चीर गेलीय, तिथं खडूनं गोल करायचा. मग मोल्डिंगवाले, भट्टीवाले, आम्ही कोअरवाल्या, सगळ्यांनी भोवतीनं उभं राहून बोलायचं. नियम एकच. कुणाच्या हातनं झालं ते विचारायचं नाही, कुठनं आलं ते विचारायचं. वाळू ओली होती का, लोखंड गार होतं का, हवा कुठं अडकली. आणि ज्याला मूळ सापडेल त्याला बाकीच्यांनी चहा पाजायचा. मूळ त्याच्याच हातात निघालं तरी चहा त्याचाच. हा नियम कुणी घातला देव जाणे, मी लागले तेव्हापासून आहे आणि तो मोडलेला मी बघितलेला नाही.

माझी लेक कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना ह्याच टेबलापाशी उभी असायची. तिचा प्रोजेक्ट आमच्याच फौंड्रीत होता. वाळूतला ओलावा, हवेतली आर्द्रता, भट्टीचं तापमान असलं काय काय ती कॉम्प्युटरला भरवायची आणि आज माल किती बाद होईल ते त्याच्याकडनं वदवून घ्यायची. पण टेबलावरचा चहा काही तिला कधी मिळाला नाही. मूळ सांगायला ती तोंड उघडायची, तोवर कुणीतरी भट्टीवाला ओरडून सांगून मोकळा. घरी येऊन माझ्यावर चिडायची, "तुमच्यात बोलायचं तर आधी घसा पाहिजे!" मी हसायचे.

तर ती इंजिनिअर झाली, पुण्याला कंपनीत लागली. चांगलं चाललं होतं. मग कंपनीनं माणसं कमी केली आणि त्यात हिची खुर्ची गेली. हिच्या एकटीची नव्हे, अख्ख्या टीमची. पण ते तिच्या डोक्यात शिरेना. तिला वाटलं, आपल्याला काही येत नाही म्हणून काढलं. सामान घेऊन घरी आली, आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. "कुणी विचारलं तर सुट्टीवर आलीय म्हण," एवढंच बोलली.

सुट्टी कसली, ते एक प्रकारचं बुडणंच होतं. हाक मारली तर "हं". जेवतेस का, तर "नको". आंघोळ केली तर केली. एका रविवारी मी तिच्यासाठी तांबडा रस्सा खोलीत नेऊन ठेवला आणि कामाला गेले. संध्याकाळी येऊन बघते तर वाटी तशीच, वर तेलाचा थर गोठलेला. लहानपणी हीच पोरगी वाटी चाटूनपुसून पुन्हा पुढं करायची आणि म्हणायची, "आणखी हाय काय?" ती गोठलेली वाटी हातात घेऊन मी तिथंच उंबऱ्यात बसले. नोकरीचं काय, आज ना उद्या मिळेल, नाही मिळाली तर नाही. मला माझी पोरगी परत पाहिजे होती.

मी ओरडून बघितलं. मग गोड बोलून बघितलं, पण मला गोड बोलता येत नाही, ते ओरडल्यासारखंच निघालं. मालक म्हणायचे, "असू दे, येईल बाहेर." त्यांच्या त्या असू देचा मला इतका राग यायचा की भांडी आपटून आपटून एक पातेलं चेपलं.

अशात जेवणाच्या सुट्टीत गेटबाहेर एक माणूस यायला लागला. इस्त्रीचा शर्ट, हातात मोठा फोन. फोनवर हिरवी रेघ वर वर चढत चाललेली. म्हणाला, शेअर बाजारात खरेदी-विक्री करणारं यंत्र आहे, सगळं आपोआप, तुम्ही पैसे भरायचे आणि झोपायचं. आत न्यूरल नेटवर्क आहे, माणसाच्या मेंदूसारखं, कधी चुकत नाही.

मी म्हटलं, "पावणं, कधी चुकत न्हाय म्हणताय, मग तुम्ही असं उनातानात का फिरायला लागलाय?"

बायका हसल्या. पण भाभी हसली नाही. तिनं घरावर स्लॅब टाकायला पैसे साठवले होते, वर्षानुवर्षं, पत्र्याखाली उन्हाळे काढून. गाडीवर मागं बसल्याबसल्या म्हणाली, "वैनी, तुमास्नी सगळ्यात खोटंच दिसतंय. मी भरणार हाय."

"खुळी का काय तू!"

"खुळी तर खुळी. आकडं दाखवलं की त्यानं."

त्या दिवशी घरी आले ती तणतणतच. चपला कुठं काढल्या मला आठवत नाही. आतल्या खोलीचं दार धाडकन उघडलं आणि म्हटलं, "ऊठ. एक विचारायचंय. ते न्यूरल नेटवर्क का काय, ते शेअरबाजारात पैसे करतंय व्हय आपोआप?"

अंथरुणातनं तिनं मान वर केली. "कोण म्हणालं?"

मी सगळं सांगितलं. ती उठून बसली. किती दिवसांनी ती आपणहून उठून बसली होती! भाभीला ती चाची म्हणते. "आई, चाचीला सांग, पळ म्हणावं. कधी चुकत नाही असं जो म्हणतो ना, तो एकतर खुळा असतो नाहीतर चोर."

"माझं ऐकती व्हय ती? तूच दाखव तिला. तू कर एक असलं यंत्र, आणि ते कसं फसतं ते तिला डोळ्यानं बघू दे."

तिनं पांघरूण पुन्हा अंगावर ओढलं. मला वाटलं, आता पुन्हा भिंतीकडं तोंड करणार. पण दुसऱ्या दिवशी कामावरनं आले तर स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप. "चाचीला दाखवायचं तर तिला कुठं बसवू? खोलीत पसारा हाय," असं म्हणाली, माझ्याकडं न बघता. मी तिथनं सटकले. मोरीत जाऊन नळ सोडला आणि तोंड धुतल्याचं नाटक केलं, कारण डोळे भरून आले होते.

मग रोज संध्याकाळी आमची शाळा भरायला लागली. भाभी चहा घेऊन यायची, मालक कोपऱ्यात पेपर वाचल्याचं सोंग करायचे आणि लेक शिकवायची. म्हणाली, समजा एका नळाला पुढं शेकडो बारक्या चाव्या आहेत. एका टोकानं शेअरचे मागचे भाव आत सोडायचे, दुसऱ्या टोकाला उत्तर येतं, उद्या भाव चढेल का पडेल. पहिल्यांदा उत्तर साफ चुकतं. किती चुकलं ते मोजायचं आणि प्रत्येक चावी किंचित पिळायची. पुन्हा पाणी सोडायचं, पुन्हा मोजायचं, पुन्हा पिळायचं. असं हजारो वेळा. हेच त्याचं शिकणं.

"म्हंजे चुकल्याशिवाय त्याला काय कळतच न्हाय," भाभी म्हणाली.

"काहीच कळत नाही, चाची. चूक हेच त्याचं खाणं."

आणि उत्तर आलं की दुसरा एक प्रोग्रॅम त्याप्रमाणं आपोआप ऑर्डर टाकतो, घे नाहीतर विक. भाव ठरवल्यापेक्षा खाली घसरला तर विकून बाहेर पडायचं, हेही त्याला सांगून ठेवलेलं. सगळं नव्यानं लिहायला नको म्हणून तिनं आपला तो फौंड्रीचा जुना प्रोजेक्ट काढला आणि वाळू-ओलाव्याच्या जागी शेअरचे भाव बसवले. "नेटवर्क तेच, फक्त खुराक बदलला," असं म्हणून ती हसली. अर्धंच हसली, पण हसली.

जुन्या भावांवर त्याची परीक्षा घेतली त्या संध्याकाळी मात्र आम्ही सगळे पडद्याला चिकटलो. तिनं काही वर्षांचे भाव शिकवताना लपवून ठेवले होते, म्हणजे पाठांतर करून पास व्हायला नको. त्या न बघितलेल्या भावांवर यंत्र सोडलं आणि पडद्यावर रेघ चढायला लागली. चढतच गेली. त्या गेटवरच्या माणसाच्या रेघेपेक्षा उंच.

"काटा किर्रर्र!" भाभी ओरडली. "मग त्या मुडद्याला कशाला द्यायचं? पोरीलाच देते की मी पैसे!"

लेकीनं कपाळाला आठ्या घातल्या होत्या. "एवढं चांगलं कसं येईल..." असं पुटपुटली. पण डोळे चमकत होते. आणि खरं सांगते, मीही पाघळले. यंत्र कसं फसतं ते दाखवायला बसलो होतो, हे माझ्या ध्यानातनंच गेलं. मला वाटलं, बघा, पुण्याच्या कंपनीनं काढली काय माझ्या लेकीला! बघा म्हणावं आता!

"थांब चाची," लेक म्हणाली, "आधी खोट्या पैशावर चालवू. सरावाचं खातं असतं, भाव खरे, पैसे खोटे. महिनाभर बघू, मग बोलू." भाभीनं गेटवरच्या माणसाला आज-उद्या करत टोलवत ठेवलं.

यंत्र सुरू झालं तसं घर बदललं. सकाळी बाजार उघडायच्या आधी लेक आंघोळ करून टेबलापाशी. चपाती अर्धी का होईना खायची. मी कामावरनं फोन केला तर उचलायची आणि सांगायची, आज घेतलं, आज विकलं. पहिल्या सोमवारी मी घरीच होते, कौतुकानं बघत बसले. यंत्रानं दिवसभर काहीच केलं नाही. भाव इकडचे तिकडे थोडेसे हलले, बाजार सुस्तच होता. "आज शहाण्यासारखं गप्प बसलंय," असं मी म्हटलं आणि लेकीनंही मान डोलावली.

दुसरा सोमवार मात्र तसा नव्हता. शनिवार-रविवारात परदेशात कुठंतरी काहीतरी बिनसलं होतं. बाजार उघडला तोच कोसळला. पडद्यावर सगळं लाल. यंत्रानं शुक्रवारी बरेच शेअर घेऊन ठेवले होते, ते खाली खाली चाललेले. लेक म्हणाली, "आता विकेल बघ." नाही विकलं. ठरवलेली पातळी आली, गेली. यंत्र ढिम्म. "विक की! अगं विक की!" असं मीच पडद्याला ओरडायला लागले, जणू ते माझ्या हाताखालची बाई आहे. लेकीची बोटं भराभर चालत होती, आतलं लिखाण वरखाली करत होती. मग एका जागी ती थांबली. तीच ओळ तिनं पुन्हा वाचली.

"काय झालं?"

"ह्याला सोमवारची सुट्टी आहे," ती म्हणाली.

मला काही कळेना. तिनं अडखळत सांगितलं. जुन्या प्रोजेक्टमध्ये कामाचे दिवस कुठले आणि सुट्टी कुठली ते लिहिलेलं होतं. फौंड्रीची सुट्टी सोमवारी. ते तिनं तिथनं काढलंच नव्हतं. म्हणून भावांचा रोजचा चढउतार आत जाताना प्रत्येक सोमवारचा तेवढा वगळला गेला. शनिवार-रविवारी जगात जे काही वाईट घडतं त्याचा पहिला दणका बाजाराला सोमवारी बसतो, आणि ते सगळे दणके आमच्या हिशेबातनं गायब. त्या यंत्रानं जन्मात एकही सोमवार बघितलेला नव्हता. म्हणून ती रेघ एवढी देखणी चढली होती. आणि आज सोमवार, म्हणून ते कारखाना बंद ठेवून बसलं होतं.

मला हसू यायला लागलं होतं, पण तिच्या तोंडाकडं बघून ते तिथंच विरलं. तिनं लॅपटॉप मिटला. "म्हणूनच काढलं मला," म्हणाली. "एवढी साधी गोष्ट. शाळेतल्या पोराला कळेल. चाचीचे पैसे असते तर?" उठली, खोलीत गेली, दार लोटलं. आतनं कडीचा आवाज आला. आजवर तिनं कडी कधी घातली नव्हती.

माझं डोकं सणकलं. कुणावर ते मला माहीत नाही. त्या कंपनीवर, त्या बाजारावर, त्या दारावर. इतके दिवस वाट बघून पोरगी स्वयंपाकघरापर्यंत आली होती आणि आता पुन्हा पहिल्या जागी. दार फोडावं असं वाटलं. मालक साबुदाण्याची खिचडी पुढ्यात घेऊन बसले होते, ते म्हणाले, "असू दे." मी त्यांच्याकडं असं बघितलं की त्यांनी चमचा खाली ठेवला.

मग माझं लक्ष खुंटीवरच्या माझ्या कामाच्या झग्याकडं गेलं. त्याच्या खिशात खडू असतो, कायम. मी खडू काढला. टेबलावरचा लॅपटॉप घेतला आणि त्याच्या काळ्या पाठीवर मधोमध एक मोठा गोल काढला. मग खिडकीतनं हाक मारली, "भाभी! ये हिकडं, टेबलाला!" भाभी पिठाच्या हातानं आली. मालकांना म्हटलं, "तुम्ही पण उभं ऱ्हावा." ते खिचडीची ताटली घेऊन उभे राहिले. आणि मी कोअर शॉपमधल्या आवाजात ओरडले, "चला! माल बाद झालाय! कुठनं आलं ते बोला!"

भाभीच्या ध्यानात लगेच आलं. तिनं तर माझ्यावर कडी केली. "वाळू वली असंल!" म्हणून आरोळी ठोकली.

"वाळू न्हाय ह्यात!"

"मग लोखंड गार हुतं!"

"अगं, लोखंड पण न्हाय!"

मालक खाकरले. आयुष्यात आवाज न चढवणारा माणूस, तो म्हणाला, "माझ्या मतं, लाईट गेलती."

आत कडी वाजली. दार उघडलं. लेक उंबऱ्यात उभी, डोळे सुजलेले. "तुम्ही काय चालवलंय?" मग तिची नजर टेबलावर गेली आणि ती किंचाळली, "आई! लॅपटॉप हाय त्यो! खडू काय लावतीस!"

इतक्या महिन्यांनी तिचा तो आवाज ऐकला. खणखणीत, भांडखोर, माझाच. माझा जीव भांड्यात पडला.

"लॅपटॉप असू दे न्हायतर गिअरबॉक्स. टेबलावर आला म्हंजे गोल पडणार. तुला ठाऊक असंल तर सांग कुठनं आलं, न्हायतर हे म्हणतायत ते लाईटचं आम्ही धरतो."

"लाईटचा काय संबंध!" ती टेबलाजवळ आली. आणि बोलायला लागली. प्रोजेक्टपासून सुरुवात केली, सोमवार कुठं लिहिला होता, कशासाठी लिहिला होता, भाव आत जाताना काय झालं. हुंदका येत होता, तरी बोलत होती. भाभी मधेच म्हणाली, "म्हंजे सुट्टी आपल्या फौंड्रीची, आणि घेतली त्या यंत्रानं?"

"होय, चाची."

"भरपगारी?"

मालकांच्या तोंडातला साबुदाणा उडाला. मी हसले, भाभी हसली आणि मग लेकही हसायला लागली. टेबलाला धरून, वाकून, डोळ्यातनं पाणी येईपर्यंत. म्हणाली, "पुण्यात राहिले तरी मला सोमवार दिसला नाही गं. कोडमध्ये सोमवार सुट्टी असं वाचलं, आणि वाटलं, बरोबरच आहे की!"

"बरोबरच हाय की," मी म्हटलं. मला तर अजूनही त्यात चुकीचं काही वाटत नव्हतं.

मी चहा ठेवला. आलं ठेचून घातलं. पहिला कप तिच्यापुढं ठेवला आणि म्हटलं, "हा टेबलाचा."

ती बघतच राहिली. "पण चूक माझीच होती."

"कुणाच्या हातनं झालं ते कुणी इचारलंय? मूळ सापडलं तुला. पी गप." मग मला एकदम आठवलं, आणि मी म्हटलं, "आणि ऐक. मी तुला काय सांगितलं होतं? यंत्र कसं फसतं ते चाचीला दाखव म्हणून सांगितलं होतं. दाखवलंस की तू."

तिनं कप दोन्ही हातांत धरला. चहा संपेपर्यंत टेबलापाशीच बसली, खोलीत गेली नाही.

पुढं तिनं सोमवार आत घातले आणि यंत्राला पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. रेघ पार जमिनीवर आली. थोडी वर, थोडी खाली, दलाली भरून हातात काही उरायचं नाही. पोरगी मात्र त्या मरगळलेल्या रेघेवर खूश होती. म्हणाली, "ही खरी रेघ आहे आई. हिच्यावर काम करता येतं." भाभीनं ती रेघ बघितली, आधीची बघितली आणि म्हणाली, "त्या गेटवरच्यानं पण कायतरी सोमवार लपवला असणार." तेवढं तिला पुरलं.

पुढच्या रविवारी लेक माझ्या डब्याबरोबर कारखान्यात आली. जेवणाच्या सुट्टीत बायकांना लॅपटॉपवर दोन्ही रेघा दाखवल्या. न्यूरल नेटवर्क म्हटल्यावर अर्ध्या जणी रश्श्यात बोट बुडवून बसल्या होत्या, पण त्यानं सोमवारची सुट्टी घेतली म्हटल्यावर असा काय हशा झाला की भट्टीवाले धावत आले. सगळ्यांना सगळं कळलं. तो इस्त्रीच्या शर्टवाला पुन्हा आला तेव्हा आमच्यातल्या एकीनं त्याला विचारलं, "पावणं, तुमचं यंत्र सोमवारी काय करतं वो?" त्यानं फोन खिशात घातला आणि चालू पडला. मग तो दिसला नाही. भाभीचे पैसे भाभीकडं राहिले, आणि आता तिच्या घरासमोर स्लॅबची वाळू येऊन पडलीय.

लेक मग अर्ज करायला लागली. नकारही आले. आला नकार की ती टेबलापाशी येऊन बसायची आणि मी विचारायचे, "कुठनं आलं?" ती सांगायची, हे येत नव्हतं, ते विचारलं. मी चहा ठेवायचे. आमच्या घरात त्या दिवसांत आलं लय खपलं.

परवा एका सोमवारी तिची मुलाखत होती, फोनवरच्या व्हिडिओवर. तिनं खोलीचं दार लावून घेतलं. लावलेलं दार मला अजून बघवत नाही, म्हणून मी बाहेर तांदूळ निवडत बसले, निवडलेलेच पुन्हा निवडत. आतनं तिचा आवाज येत होता. आधी बारीक, नीटस, पुण्याचा. मग पलीकडच्या बाईनं विचारलं असावं, तुमची एखादी चूक सांगा. माझा हात सुपात तसाच राहिला. आणि मग ती सांगायला लागली, "आमच्या कोल्हापुरात ना, सोमवारी सुट्टी असते..." आवाज वाढत गेला, वाढत गेला. पलीकडची बाई हसली ती मला बाहेर ऐकू आली. लेकही हसत होती. चूक सांगताना हसत होती.

दार उघडून बाहेर आली. "पुढच्या फेरीला बोलावलंय. बघू." मग माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "आई, भूक लागलीय. लय. मटण कर की."

इतके महिने मी ज्या शब्दासाठी कान लावून बसले होते, तो आला तोही कधी, तर सोमवारी! मी मालकांकडं बघितलं. ते पेपरात तोंड खुपसून म्हणाले, "आपल्या घरात शिजत न्हाय सोमवारचं." मग पेपर न उतरवता पुढं म्हणाले, "शेजारी शिजतंय. मघाशी वास आलाय."

मी खिडकीतनं हाक मारली. माझा आवाज मधेच फाटला, तरी भाभीला कळलं. ती पदराखाली पातेलं झाकून आली, जणू चोरीचा माल. आम्ही मालकांच्या नजरेआड, मागच्या पायरीवर लेकीला बसवलं. भाभी वाढत होती, मी बघत होते. रस्सा तिखट होता, तिच्या नाकाडोळ्यातनं पाणी येत होतं, तरी ती खात होती. वाटी बोटानं निपटून पुसली आणि पुढं केली.

"आणखी हाय काय?"